सनद मिळाल्यावर वकिलाने शिकायचं कधी? आणि विचारणार कोण?

तापीकाठ

तालुका कोर्टात प्रॅक्टिस करून बावीस वर्षं झाली. दिवाणी काम जास्त, फौजदारी येईल तसं. परवा माझी ज्युनिअर सहज म्हणाली, "सर, शेवटचा निकाल पूर्ण कधी वाचला होता? हेडनोट, म्हणजे वरचा सारांश, नाही, पूर्ण." मी टपरीवाल्याला दोन चहा सांगितले आणि विषय बदलला.

आता इथे सांगतो, तपशील थोडे बदलून. फेब्रुवारी २०२१. कोर्टं नुकती रुळावर येत होती. केळीच्या पट्ट्यातल्या एक बाई आल्या. लग्न १९९० चं. आई आधीच गेलेली, वडील १९९९ ला वारले. वडिलोपार्जित नऊ एकर, दोन भाऊ. मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात नव्हते, म्हणून तुम्ही सहदायक, म्हणजे जन्माने हिस्सेदार, नाही. महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती आहे, पण तिच्यात आधी लग्न झालेल्या मुली बसत नाहीत. म्हणजे वडील वारले तेव्हाच झाली असं धरायच्या काल्पनिक वाटणीत वडील आणि दोन भाऊ, तिघांना तीन तीन एकर. वडिलांच्या तिनाला तुम्ही तिघं वारस. तुमच्या वाट्याला एक एकर.

बाई म्हणाल्या, एका एकरासाठी भावांशी वाकडं कशाला घेऊ. आणि गेल्या. मी फी घेतली नाही आणि त्याचं मला बरं वाटलं होतं.

माझ्या डोक्यात २०१५ चा फुलवतीचा निकाल पक्का बसलेला. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात मोडीत काढला होता. मुलगी जन्मानेच सहदायक, ९ सप्टेंबर २००५ ला वडील जिवंत असण्याची अट नाही. त्या हिशेबाने चार वाटे, वडिलांचा वाटा परत तिघांत, म्हणजे बाईंचे सरळ तीन एकर. निकाल येऊन सहा महिने झाले होते आणि माझ्या टेबलावर तो पोचलाच नव्हता.

डॉक्टरांना शिकल्याच्या तासांचा हिशेब द्यावा लागतो, सीएंना द्यावा लागतो. आपल्याकडे नव्या पोरांना एआयबीई, म्हणजे बार कौन्सिलची परीक्षा, आहे, तीही एकदाच. मी तिच्या आधीचा, मला तेवढंही नाही. तुम्ही लोक कसं करता? आणि आपल्यालाही सक्ती हवी का?

काळा_कोट_धुळे

कबुली दिलीत, मानलं. पण सक्ती नको. सक्ती म्हटली की दुकानं उघडतात. एका शिबिराला मी स्वतः होतो. अकराला सुरू व्हायचं ते साडेबाराला झालं. सत्कार, शाल, नारळ, दीपप्रज्वलन. विषय होता पुरावा कायदा. वक्त्याने पाऊण तासातली वीस मिनिटं आपण वकील कसे झालो ते सांगितलं. दीड वाजता भरीत-पुरीचा वास आला आणि सभागृह रिकामं. भरीत फर्मास होतं, ते खोटं बोलणार नाही. सर्टिफिकेट अजून चेंबरात टांगलंय.

डॉ_भुसावळ

वकील नाही, पण आमचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट तास लागतात. सही करून जेवायला जाणारे आमच्यातही आहेत, काळा कोट म्हणतात ते खरंच. मी पण गेलोय.

तरी एक सांगतो. सर्पदंशावरचं एक सत्र मी फक्त क्रेडिटसाठी बसून ऐकलं होतं. त्यानंतर मण्यार चावलेला पेशंट आला की माझा हात वेगळा चालतो. जखमेवर खूण दिसत नाही, सूज नाही, नुसतं पोट दुखतं म्हणतो, अशा माणसाला मी आता घरी पाठवत नाही. सक्ती नसती तर त्या रविवारी मी शेतात असतो.

आकडेमोड

सीए, जळगाव. आमच्याकडे प्रॅक्टिस करणाऱ्याला तीन वर्षांत १२० तास. त्यातले काही संस्थेने घेतलेल्या कार्यक्रमांचे असावे लागतात, बाकीचे स्वतःच्या अभ्यासाचे चालतात. मार्च-सप्टेंबरच्या धावपळीत शिव्या घालतो, पण जीएसटी आला तेव्हा हीच सवय कामाला आली. १ जुलै २०१७ ला नवा कायदा, २ जुलैला गिऱ्हाईक दारात. कापसाच्या जिनिंगवाल्याला "थांबा, मी शिकतो" असं सांगता येत नाही.

तुमच्याकडेही १ जुलैच होता ना? २०२४ चा, नवे फौजदारी कायदे आले तो?

पांझरेचं_पाणी

हो, त्याच तारखेचं सांगतो, आमच्या बोलीतच. मना एक अशील माले इचारस, "वकीलसाहेब, चारसोबीस आते कोनता नंबर शे?" मी म्हनं, ३१८ नं ४. त्यानी तोंड वाकडं करं. "मंग आते लबाड मानूसले काय म्हनानं?"

हसण्यावारी नेऊ नका. खून ३०२ चा १०३ झाला, विवाहितेच्या छळाच्या ४९८अ चं ८५ आणि ८६ झालं, अटकपूर्व जामीन ४३८ वरून ४८२ वर गेला. आणि गंमत म्हणजे आपल्या डोक्यातला जुना ४८२, हायकोर्टात एफआयआर रद्द करायचा, तो आता ५२८. एक सीनियर अर्जावर ४८२ लिहून आले. कोणता ४८२ ते साहेबांना दोनदा विचारावं लागलं. वर गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर तो जुन्या दंड संहितेखालीच. म्हणजे दोन्ही पुस्तकं बगलेत. आमच्या बारमधले काही जण अजून मोबाईलमधल्या तुलनात्मक तक्त्यावर गाडी हाकतात. तक्त्यात नंबर कळतो, मजकुरात काय बदललं ते कळत नाही.

अमळनेरचा_टायपिस्ट

(वकील नाही, पण तीस वर्षं वकिलांचंच टाइप करतोय.) बरोबर बोलले. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडायचं ६५ब चं सर्टिफिकेट माझ्या कॉम्प्युटरात साचा करून ठेवलेलं होतं. कोणीही या, नाव बदला, घेऊन जा. नव्या साक्ष अधिनियमात ते कलम ६३ झालं आणि नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आला. भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलची डिजिटल ओळख, लिहायची. अजून वकीलसाहेब येतात, म्हणतात जुनंच काढ रे. मी म्हणतो, साहेब, भाग ब? ते म्हणतात, तूच सही कर!

काळा_कोट_धुळे

@टायपिस्ट, 😀 तुम्हीच आमचे प्राध्यापक.

त्या ६५ब वरून आठवलं. सर्टिफिकेट सक्तीचं की नाही यावर सुप्रीम कोर्टाचे निकाल उलटसुलट होते, ते १४ जुलै २०२० ला खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात मिटलं. जालन्याच्या निवडणुकीचा वाद, म्हणजे आपल्याच औरंगाबाद खंडपीठाच्या हद्दीतला. राजकारण म्हणून सगळ्यांनी पेपरात वाचला, कायदा म्हणून किती जणांनी?

कानबाई

मी वकील नाही. माहेर यावल, सासर पाचोरा. सगळा धागा वाचला. कलमं कळली नाहीत, पण एक प्रश्न आहे. त्या बाईंचं पुढे काय झालं?

गिरणाकाठची

माझी चुलत बहीण न्यूयॉर्कला वकिली करते. तिला हा धागा दाखवला. तिथे दर दोन वर्षांत २४ तास पूर्ण करावे लागतात. त्यातले ४ व्यावसायिक नीतिमत्तेचे, १ सायबर सुरक्षेचा, १ विविधता आणि भेदभाव या विषयाचा. नवीन वकिलाला पहिल्या दोन वर्षांत ३२, दर वर्षी १६. आपलं आपणच पूर्ण केल्याचं लिहून द्यायचं, प्रमाणपत्रं चार वर्षं जपून ठेवायची, कधी तपासणी निघाली तर दाखवायची. ती म्हणते शेवटच्या महिन्यात सगळे स्वयंपाक करता करता व्हिडिओ लावतात. मधे मधे एक कोड दाखवतात, तो टिपून घ्यायचा, म्हणजे तुम्ही समोर होतात हे सिद्ध.

पण इंग्लंडने उलटं केलं. तिथे सॉलिसिटरना वर्षाला १६ तास होते, ते १ नोव्हेंबर २०१६ पासून काढून टाकले. आता तास मोजत नाहीत. आपल्या कामात काय कमी पडतंय ते आपणच ओळखायचं, ते भरून काढायचं आणि तसं दर वर्षी जाहीर करायचं.

मला इंग्लंडचं पटतं. पण ते आपल्याकडे आणलं तर सगळे "काही कमी पडत नाही" असंच लिहून देतील, ही पण खात्री आहे.

ज्युनिअर_नंबर_तीन

सीनियर लोकांनी चर्चा छान केली. आता आमच्या बाजूने.

मी नंदुरबारला तिसरी ज्युनिअर. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला ग्रामीण भागात किमान १५ हजार आणि शहरात २० हजार द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस. मला पेट्रोलचे मिळतात आणि दिवाळीला एक साडी. नोंदणीची फी सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये ७५० रुपयांवर आणली, तोवर माझे पंधरा हजारांच्या वर गेले होते. आता तुम्ही सक्तीचे तास आणा. कोर्सची फी कोण भरणार? मी. आणि सीनियरच्या नावाने हजेरी लावायला कोण जाणार? तेही मीच.

शिकायचं म्हणाल तर फुकटात भरपूर आहे. सुप्रीम कोर्टाचं ई-एससीआर, म्हणजे निकालांचा ऑनलाइन संग्रह, जानेवारी २०२३ पासून सगळ्यांना मोफत आहे, काही निकाल मराठीतही मिळतात. घटनापीठाची सुनावणी सप्टेंबर २०२२ पासून थेट बघता येते. एसटीत बसले की मी एक निकाल वाचते. शहादा ते नंदुरबार एक निकाल होतो, परिच्छेद लांब असतील तर परतीच्या प्रवासात संपतो.

सातपुडा_पायथा

शहाद्याहून. ताई, कोणती एसटी? आमच्या एसटीत तर मोबाईलला रेंजच नसते.

मुंबईत बसून जे विषय ठरवतील ते आमच्या कामाचे असतील का, ही माझी भीती. कंपनी कायद्याचं, लवादाचं व्याख्यान मला काय कामाचं? माझ्याकडे येतो तो आदिवासी शेतकरी. त्याची जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ मोडून बिगरआदिवासीच्या ताब्यात गेलेली. जमीन परत देण्याचा कायदा १९७४ चा, वनहक्क कायदा २००६ चा, पेसाचे (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या अधिकारांचा कायदा) महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. हे तिन्ही एकाच माणसाच्या एकाच शेताला कसे लागतात, हे सांगणारं एकसुद्धा शिबिर मी पाहिलेलं नाही. मला ते एका निवृत्त तलाठी नानांनी शिकवलं. त्यांना क्रेडिट देणार का कोणी?

न्यायाधीशांसाठी उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. ते तिथे जाऊन शिकून येतात आणि आम्ही त्यांच्यासमोर जुन्या वहीतून बोलतो. ही दरी वाढत चालली आहे.

पांझरेचं_पाणी

@सातपुडा, शंभर टक्के. मध्यस्थीचं मात्र वेगळं आहे. तिथे ४० तासांचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय न्यायालयाच्या यादीवर मध्यस्थ होता येत नाही. मी केलंय. पाच दिवस कोणी सत्कार केला नाही, भूमिका देऊन भांडायला लावलं. मी सासू झालो होतो. आयुष्यात तेवढं शिकलो नाही. म्हणजे तास नीट वापरले तर होतं.

नवा_डाव

एवढं कशाला लोक्स, एआयला विचारा ना. मी तर सायटेशन, म्हणजे जुन्या निकालांचे संदर्भ, त्याच्याकडूनच घेतो. दोन मिनिटांत दहा.

काळा_कोट_धुळे

@नवा_डाव, आणि त्या दहातले खरे किती? २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी असेच न्यायनिवाडे दाखल केले. ते निवाडे जगात अस्तित्वातच नव्हते. पाच हजार डॉलर दंड बसला. ज्या शहरात २४ तासांची सक्ती आहे त्याच शहरात, हेही गिरणाकाठच्या ताईंनी नोंदवावं. माझा मुद्दा तोच होता.

गिरणाकाठची

नोंदवलं. 🙂 पण दंड करणाऱ्या न्यायाधीशाने त्यांना पकडलं, कारण दुसऱ्या बाजूच्या वकिलाने सायटेशन शोधून पाहिलं. आपल्याकडे दुसऱ्या बाजूचा वकील शोधतो का?

आकडेमोड

एक बाळबोध शंका. असा चुकीचा सल्ला दिला तर अशील तुमच्यावर ग्राहक मंचात जाऊ शकतो का? आमच्यावर तर टांगती तलवार असते.

पांझरेचं_पाणी

नाही. १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. बार कौन्सिलकडे गैरवर्तणुकीची तक्रार होऊ शकते, पण प्रामाणिकपणे केलेली चूक ही गैरवर्तणूक नव्हे, हेही सुप्रीम कोर्टाने फार पूर्वी सांगून ठेवलंय. म्हणून तर म्हणतो, आपल्याला वरून धाक असा नाहीच.

कानबाई

माझा प्रश्न राहिला. धागाकर्ते दादा, त्या बाईंचं काय झालं?

तापीकाठ

ताई, पहिल्यांदा विचारलंत तेव्हाच वाचलं होतं. उत्तर द्यायला चार दिवस लागले.

मी वर लिहिलं की निकाल माझ्या टेबलावर पोचला नव्हता. तो पोचला, जून २०२१ मध्ये. दुसऱ्याच एका वाटणीच्या दाव्यात समोरच्या वकिलाने दाखवला. तो वाचताना मला ती बाई आठवली, पाठकोऱ्या कागदावरची आकडेमोडसुद्धा आठवली. नंबर डायरीत होता. मी फोन केला नाही. स्वतःला सांगितलं की ती अशील नव्हती, वकालतनामा नव्हता, फी नव्हती. नंतर सांगितलं की तिने विषय सोडलाच आहे. मग कामं निघाली, आणि विसरलो असं म्हणण्याइतका विसरलो.

म्हणजे मला न कळल्याचा काळ चार महिन्यांचा. पुढचा सगळा काळ कळूनही गप्प बसल्याचा. धागा काढताना मी पहिल्या काळाबद्दलच लिहिलं, आणि ते सोयीचं होतं.

काळा_कोट_धुळे

अण्णा, आता फोन करा. बाकीची चर्चा आपण नंतर करू.

ज्युनिअर_नंबर_तीन

सर, आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली आहे.

कानबाई

तेच लिहायला आले होते. आखाजीला लेकी माहेरी येतात. पुरणपोळी, आमरस, झोके, सगळं होतं. आणि आमच्याकडे तरी सह्याही तेव्हाच होतात. बहीण आलेली असते, मूड चांगला असतो, भाऊ म्हणतो चल जरा दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात, दहा मिनिटांचं काम आहे. माझी सही अशीच झाली. मला कोणी एक एकर आणि तीन एकरही सांगितलं नव्हतं.

सातपुडा_पायथा

आणि एकदा हक्कसोड नोंदवली की मग "मला कायदा वेगळा सांगितला होता" एवढ्यावर ती फिरत नाही. करार कायद्याचं कलम २१ काढून बघा, भारतात लागू असलेल्या कायद्याबद्दलच्या गैरसमजामुळे करार रद्द होण्याजोगा ठरत नाही. आखाजीच्या आधीच काय ते करा.

तापीकाठ

केला. आज दुपारी, कोर्ट सुटल्यावर. नंबर तोच होता, उचलला मुलाने. मी नाव सांगितलं, बाईंना आठवलं. "ते पाठकोऱ्या कागदावाले वकीलसाहेब ना?"

मी सरळ सांगितलं. तेव्हा सांगितलेला कायदा तेव्हाच बदललेला होता, मला माहीत नव्हतं, नंतर कळलं तरी कळवलं नाही. तुमचा हिशेब एक एकराचा नाही, तीन एकरांचा. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं फोन कट झाला.

मग विचारलं, "दादा, हे भाऊंना माहीत शे का?" मी म्हटलं मला कल्पना नाही. हक्कसोड अजून झालेली नाही. कागद तयार आहे आणि या आखाजीला सह्या ठरल्या आहेत, असं त्यांनीच सांगितलं. करायचं काय ते अजून त्यांचं ठरलेलं नाही. "माहेर बी पाहिजे ना दादा," म्हणाल्या. मी त्यावर काही बोललो नाही. फक्त म्हटलं, सही करायच्या आधी सोमवारी कागद घेऊन या. आणि तुम्हाला दुसऱ्या कोणाचा सल्ला घ्यायचा असेल तर तीन वकिलांची नावं देतो, माझ्यावर भरवसा ठेवायचं कारण नाही. म्हणाल्या, "तुम्हीच बघा. पन या वखतले वाचीसन बघा."

पांझरेचं_पाणी

🙏

गिरणाकाठची

सर, विनीता शर्मा वाचताना २० डिसेंबर २००४ ची तारीखही बघा. त्याआधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी झालेली असेल तर ती तशीच राहते. भाऊ तोंडी वाटणी म्हणतील, ती सहसा चालत नाही, पण सरकारी कागदांवर तेव्हापासूनच दिसत असेल तर भांडण आहे. १९९९ नंतरचे सगळे फेरफार मागवा.

तापीकाठ

हो, ते डोक्यात आहे. तलाठ्याकडे उद्याच अर्ज देतो. वारस नोंदीचा फेरफार आणि तहसीलदारांसमोर महसूल संहितेच्या कलम ८५ ची वाटणी झाली होती का, दोन्ही बघतो.

आणि माझ्या ज्युनिअरबाईंच्या आग्रहावरून आमच्या बार रूममध्ये शनिवारी अडीच वाजता एक निकाल, पूर्ण, मोठ्याने वाचायचा असं ठरवलंय. पहिल्या शनिवारी अकरा जण होते. चाळिसाव्या परिच्छेदाला लाईट गेली, सात उरले. सत्कार नाही, सर्टिफिकेट नाही. भरीताचा प्रस्ताव आला होता, तो थंडीपर्यंत पुढे ढकलला आहे. टायपिस्ट काका, तुमचं गाव फार लांब नाही. भाग ब आणि हॅश व्हॅल्यू समजावायला एखाद्या शनिवारी याल का?

अमळनेरचा_टायपिस्ट

येतो. पण प्रोजेक्टर नको, माझा लॅपटॉपच आणतो. आणि साहेबांनी त्या दिवशी माझ्याकडे सही मागायची नाही.